विटेचा हिशेब आणि फीचा हिशेब : पर्यावरणपूरक वास्तुरचना, पेशा म्हणून

बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेते. या दोन बरण्या आहेत. एकीत शेतातली काळी माती, दुसरीत गावठाणातली पांढरी माती. दोन्हींत निम्म्याच्या वर पाणी आहे. आता दोन्ही जोरात हलवते... आणि टेबलावर ठेवून देते. शेवटी त्यांच्याकडे परत येऊ.

समोर बारावीची मुलं आहेत, काही आर्किटेक्चरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची आहेत, मागच्या रांगांत पालकही दिसतायत. प्रवेशाची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, ती मी पटकन संपवते. बी.आर्क. पाच वर्षांचं. प्रवेशासाठी नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. १९७२च्या कायद्याप्रमाणे त्या नोंदणीशिवाय नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. झालं. मला बोलायचंय ते यानंतरचं : हे काम रोज नेमकं काय असतं, आणि त्यावर घर चालतं का.

'पर्यावरणपूरक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक, डोंगरात मातीचं घर, बांबूचं छप्पर, अंगणात झोपाळा. दुसरं, काचेचा टॉवर, गच्चीवर सोलर पॅनल आणि लॉबीत फ्रेम केलेलं प्लॅटिनम प्रमाणपत्र. दोन्ही चित्रं थोडी बाजूला ठेवा. इमारत दोनदा ऊर्जा खाते. एकदा बांधताना, आणि मग वापरताना, रोज, पन्नास वर्षं. या दोन्ही वेळा तिचं खाणं कमी करायचं, एवढंच काम आहे. बाकी सगळे त्याचे तपशील.

वापरतानाचं आधी सांगते, कारण आज जास्त नोकऱ्या तिथे आहेत. नागपुरात किंवा जळगावात पश्चिमेला मोठी खिडकी ठेवली, वर सज्जा नाही, तर दुपारी तीननंतर ती खोली भट्टी होते आणि त्या घरात एसी येणारच. ही खिडकी कुठे, केवढी, तिच्यावर सावली किती, भिंतीतून आणि छपरातून उष्णता किती आत येते, हे आता संगणकावर आधीच काढता येतं. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ साली ऊर्जा संहिता आली, घरांसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता' आली. ग्रिहा आणि आयजीबीसी ही मानांकनं आहेत. हे सगळं मोजून देणारे सल्लागार लागतात, आणि पगार नियमित असतो. अहमदाबादच्या सेप्टमध्ये इमारतींच्या ऊर्जा-कामगिरीवर पदव्युत्तर शिक्षणही आहे. ज्याला गणित आणि भौतिकशास्त्र आवडतं त्याने हा रस्ता जरूर बघावा. माझी एकच कुरकुर आहे : बऱ्याचदा सल्लागाराला बोलावतात तेव्हा इमारतीचा आकार आणि तोंड आधीच ठरलेलं असतं. मग तो बिचारा काचेचा प्रकार बदलत बसतो.

आता बांधतानाचं. सिमेंट बघा. सिमेंट म्हणजे चुनखडी आणि थोडी चिकणमाती एकत्र करून सुमारे १४५० अंशांवर भाजलेला, मग दळलेला माल. लोकांना वाटतं, प्रदूषण होतं ते भट्टीतल्या कोळशामुळे. तेवढंच नाही. चुनखडीच्या पोटातच कार्बन डायऑक्साइड आहे. ती भाजली की तो बाहेर पडतो, भट्टी सौरऊर्जेवर चालवलीत तरी पडतो. एक टन क्लिंकर करताना साधारण अर्धा टन वायू नुसता दगडातून निघतो, इंधनाचा वेगळा. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणून या कामातला पहिला प्रश्न 'मातीचं बांधू की बांबूचं' असा नसतो. पहिला प्रश्न असतो, इथे सिमेंट, विटा, लोखंड खरंच किती लागतंय?

कागद काढा. एक भिंत मोजू.

पुस्तकातली वीट घेऊ : नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड. नेहमीची नऊ इंची भिंत बांधताना आपण वीट पसरट अंगावर झोपवतो. बाहेरून दिसतं तिचं नऊ बाय तीनचं तोंड, म्हणजे २७ चौरस इंच, आणि तिच्यामागे आतल्या बाजूला तशीच दुसरी. २७ चौरस इंचाला दोन विटा. एक ब्रास भिंत म्हणजे १०० चौरस फूट, १४,४०० चौरस इंच. भागा. १०६७ विटा. मसाल्याची जाडी सध्या धरू नका, दोन्हीकडे सारखंच सोडतोय.

आता तीच वीट कडेवर उभी करा. भिंतीच्या बाहेरच्या तोंडाला एक, आतल्या तोंडाला एक. दोन्ही तीन-तीन इंच जाड, म्हणजे मध्ये तीन इंचाची पोकळी राहिली. मग एक वीट आडवी, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, दोघींना बांधून ठेवणारी. तिचं तीन इंच तोंड बाहेर दिसतं. पुन्हा दोन लांब, पुन्हा एक आडवी. तीन विटांनी व्यापली किती जागा? लांबी नऊ अधिक तीन, बारा. उंची साडेचार. ५४ चौरस इंच. आता ब्रासला किती? ८००. भिंत तीच नऊ इंची, विटा पंचवीस टक्के कमी. मसालाही कमी, आणि मधल्या हवेमुळे घर कमी तापतं. हिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात, आतली पोकळी उंदराच्या सापळ्यासारखी दिसते म्हणून.

ही पद्धत इंग्लंडमधली, जुनी. आपल्याकडे ती रुजवली लॉरी बेकर यांनी. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्म, आणि आयुष्याची साठाहून जास्त वर्षं भारतात, आधी पिथोरागढच्या डोंगरात, मग केरळात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत बोटीची वाट बघताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार ते पुढे नेहमी सांगत. तिरुवनंतपुरमला त्यांनी बांधलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आहे. टेकडीवर, झाडं राखून, विटेच्या जाळ्यांतून वारा खेळवलेलं. केरळात गेलात तर आधी ते बघा, मग समुद्र.

पण बेकरांची एक गोष्ट कौतुकाच्या लेखांत मागे पडते. ते ऑफिसात बसून नकाशे पाठवणारे आर्किटेक्ट नव्हते. त्यांची स्वतःची गवंड्यांची टोळी होती. मध्ये कॉन्ट्रॅक्टर नाही, ते स्वतःच साइटवर असत, आणि वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर चित्रं काढून दाखवत. ही त्यांची लहर नव्हती, त्यावाचून ते काम होतच नाही. का ते माझ्या एका फजितीवरून सांगते.

मी पहिल्यांदा रॅट ट्रॅप लावला तेव्हा नकाशा छान काढला होता, गवंड्यांना बसवून समजावलं होतं. पहिला दिवस त्यांच्याबरोबर उभी राहिले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन : मॅडम, सिमेंटच्या गोण्या तुमच्या हिशेबापेक्षा जास्त संपतायत. जाऊन बघते तर गवंडीकाकांनी प्रत्येक पोकळी विटांचे तुकडे आणि मसाला ठासून भरली होती. नेटकी, ओळंब्यात, सुंदर भिंत. फक्त नेहमीच्या भिंतीपेक्षा महाग. मी विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, "मालकाचं घर आहे मॅडम, पोकळ कसं ठेवू?" चाळीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं की चांगला गवंडी भिंतीत पोकळी सोडत नाही. चूक माझी होती. मी त्यांना कसं करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलं नव्हतं. नंतर आम्ही कमरेएवढी एक भिंत बांधली आणि चारजण तिच्यावर उभे राहिलो. मग त्यांचा विश्वास बसला.

आणखी एक. आपल्याकडच्या गावभट्टीची वीट साडेचार इंच रुंद नसते. बरेचदा चारच असते. आता तोच हिशेब पुन्हा करा : तीन विटांची जागा बारा गुणिले चार, ४८. ब्रासला ९०० विटा. बचत पंचवीसवरून सोळा टक्क्यांच्या आत आली. शिवाय कोपरे, दारा-खिडक्यांच्या कडा, खालचा-वरचा थर भरीवच ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. आणि वीट नीट भाजलेली नसेल तर बाहेरून गिलावा करणं आलंच, तिथे वाचलेलं सिमेंट परत गेलं. म्हणून माझ्या पिशवीत मेजरिंग टेप कायम असतो. आधी वीट मोजायची, मग तत्त्वज्ञान.

बरं, समजा सोळा तर सोळा, दहा तर दहा टक्के वाचतात. मग सगळे असं का बांधत नाहीत? इथे आपण पैशावर येतो. पालकांनी आता लक्ष द्या.

गवंडी उक्तं काम घेतो तेव्हा त्याला ब्रासवर पैसे मिळतात. कडेवर वीट लावायला हात जपून चालवावा लागतो, दिवसाचं काम कमी होतं. त्याचं नुकसान. कॉन्ट्रॅक्टर सामानावर नफा धरतो. सामान कमी, नफा कमी. आणि आर्किटेक्ट? आपल्या पेशात फी धरायची रूढ रीत म्हणजे बांधकाम खर्चाच्या अमुक टक्के. कौन्सिलच्या शुल्कपत्रकातही बहुतेक कामांची फी अशीच सांगितलेली आहे.

उदाहरणासाठी आकडे धरू. घराचा खर्च ३६ लाख, फी सहा टक्के : २,१६,००० रुपये. तुम्ही डोकं चालवलंत, अनावश्यक कॉलम काढले, भिंती बदलल्या, स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे मंगलोरी कौलं घालून काँक्रीट वाचवलं, आणि घर ३० लाखांत बसवलं. फी झाली १,८०,०००. मालकाचे सहा लाख वाचवल्याबद्दल तुम्हाला ३६,००० रुपयांचा दंड. अजून संपलं नाही. नेहमीच्या घराला साइटवर पंधरा फेऱ्या पुरतात धरल्या, तर अशा घराला चाळीस लागतात. पोकळ्या कोण बघणार? म्हणजे आधी फेरीमागे १४,४०० पडत होते, आता ४,५००.

मुलं या क्षेत्रात उत्साहाने येतात आणि चार-पाच वर्षांत सोडून जातात, ती बहुतेक याच आकड्यापाशी. त्यांना वाटतं आपली निष्ठा कमी पडली. निष्ठेला काही झालेलं नसतं, फीचा करार चुकीचा असतो. मी स्वतः सुरुवातीला टक्क्यांवरच काम केलं आणि दोन वर्षं आईवडिलांच्या जिवावर काढली, हे लपवत नाही. नंतर रीत बदलली. डिझाइनची फी क्षेत्रफळावर, ठरलेली, खर्च वर जावो की खाली. साइटचे दिवस वेगळे, रोजाने, आणि किती दिवस लागतील ते पहिल्या बैठकीतच कागदावर. काहीजण मालक तिथेच उठून जातात. जे थांबतात त्यांच्याशी नंतर भांडण होत नाही. दुसरा मार्ग बेकरांचा, स्वतःच बांधायचं : मग गवंड्यांची मजुरी, सामान, पावसाळ्यात थांबलेलं काम, सगळं तुमच्या अंगावर, पण बचतीचा फायदा कुठे जातो ते तुमच्या हातात. ज्याला व्यवहार जमत नाही त्याने तो मार्ग घेऊ नये, आणि त्यात कमीपणाही नाही.

आता जरा अवघड भाग. सामान म्हणजे पुण्य, असं मी म्हटलं नाही, ते मुद्दाम. मी लातूरकडे एका घराच्या कामासाठी गेले होते. जुना दगड पडून होता, माती चांगली होती. मी दगडाच्या भिंतींचं बोलायला लागले. घरातले आजोबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही झोपाल का अशा घरात?"

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आठ-दहा हजार माणसं गेली, आणि मुख्यतः गेली ती स्वतःच्या घराच्या भिंतींखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर माळवद. मातीचं छप्पर, आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर नवीन मातीचे थर. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्या पिढीला दगड-माती म्हणजे मरण वाटतं, आणि त्यांना आपण 'पारंपरिक शहाणपण' शिकवायला जाणं बरं दिसत नाही.

पण भिंती का पडल्या हे समजून घ्यायलाच हवं. जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, बाहेरचं तोंड आणि आतलं तोंड, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. या दोघींना एकत्र धरतो तो आरपार जाणारा लांब दगड. असे दगड ठराविक अंतरावर घालायचे असतात. ते महाग पडतात, घडायला वेळ लागतो, हळूहळू घालणं बंद झालं. बाहेरून काही कळत नाही. हादरा बसला की दोन तोंडं एकमेकींपासून सुटतात, पोट फुगतं आणि भिंत ढासळते. वर टनावारी माती. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा स्वतंत्र उभा होता, तिथे भिंत पडूनही काही ठिकाणी छप्पर तरलं. गंमत बघा, त्याच १९९३ साली भारतीय मानक संस्थेने मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांना भूकंपात कसं तारावं याची मार्गदर्शक मानकं काढली, आयएस १३८२७ आणि १३८२८. त्यांत हेच आहे : आरपार दगड, कोपरे बांधणं, दारांच्या डोक्याच्या पातळीला सगळ्या घराभोवती सलग पट्टा, हलकं छप्पर. या क्षेत्रात यायचं असेल तर ती दोन पुस्तकं पाठ हवीत. डिझाइनच्या मासिकांआधी.

आजोबांना मी काय उत्तर दिलं? त्या दिवशी दिलं नाही. आम्ही तिथे जोत्यापर्यंतच दगड वापरला आणि वर विटेची भिंत, पट्ट्यांसकट. पर्यावरणाच्या हिशेबात ते थोडं महाग पडलं. ज्या घरात माणसाला रात्री झोप लागणार नाही, ते घर मला बांधायचं नव्हतं.

भूकंपाच्या देशात मातीचं बांधता येतच नाही असं नाही. हिमाचलमध्ये कांगडा खोऱ्यात दीदी कॉन्ट्रॅक्टर यांनी आयुष्याची शेवटची काही दशकं मातीच्या विटा, नदीचे गोटे, बांबू आणि पाटीच्या दगडाची छपरं वापरून घरं, दवाखाना, संस्थांच्या इमारती बांधल्या. १९०५च्या मोठ्या भूकंपाचा तो प्रदेश. जन्माने त्या अमेरिकन-जर्मन, लग्नानंतर काही वर्षं आपल्या नाशिकला एकत्र कुटुंबात राहिल्या, मग मुंबईत जुहूला. वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. २०१९ साली त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला, २०२१ साली त्या गेल्या. पदवी नको असा याचा अर्थ काढू नका, मघाशी कायदा सांगितलाय. अर्थ एवढाच की त्या जिथे बांधत होत्या तिथेच राहत होत्या आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर भिंतीचं काय झालं ते स्वतः बघत होत्या.

शिकायला कुठे जायचं, असं चिठ्ठीवर आलंय. कॉलेजच्या सुट्टीत ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या दाबलेल्या विटांचे अभ्यासक्रम असतात. त्या विटांत साधारण पाच टक्के सिमेंट घालतात आणि भाजत नाहीत. केरळात बेकरांच्या सहभागातून उभी राहिलेली कॉस्टफोर्ड आहे. भूजला हुन्नरशाला आहे, २००१च्या भूकंपानंतरच्या कामातून वाढलेली. तिथे कारागिरांची शाळाही आहे. पण त्याआधी, फुकटात, स्वतःच्या गावातल्या गवंड्याकडे महिनाभर जा. थापी हातात घ्या. एक ब्रास भिंत स्वतः बांधा, पाडायला लागली तरी चालेल.

दुसरी चिठ्ठी पालकांची आहे : "मुलीला साइटवर जमेल का?" मला जमलंय. पहिलं वर्ष लोक तुमच्याऐवजी तुमच्याबरोबरच्या पुरुष मदतनिसाशी बोलतात. मग एकदा तुम्ही ओळंबा लावून दाखवता की भिंत अर्धा इंच कललीय, त्यानंतर तुमच्याशी बोलतात. अडचण असते ती साइटवर स्वच्छतागृह नसण्याची. मी आता करारात पहिली ओळ तीच घालते, काम सुरू व्हायच्या आधी शौचालय, बायका-मजुरांसाठीसुद्धा.

आता बरण्या. ही पांढरी बघा. तळाला रेती बसलीय, तिच्यावर गाळाचा थर, वरचं पाणी अजून थोडं दुधट आहे, पण थर मोजता येतायत. आपल्या जुन्या भिंती आणि गढ्या या मातीच्या आहेत. खेड्यात गावठाणाला 'पांढरी' म्हणतात ते उगीच नाही. आणि ही काळी. तळाला जेमतेम बोटभर काहीतरी दिसतंय, बाकी सगळं गढूळ. तिच्यात चिकणमाती खूप, ती पाण्यात फुगते आणि उन्हात तडकते. कापसाला उत्तम, भिंतीला नाही. हिच्यावर घराचा पाया घेतानासुद्धा वेगळा विचार करावा लागतो. जाताना जवळून बघून जा, पण काळीची बरणी हलवू नका. तिचे थर उद्या सकाळपर्यंत बसतील, आणि मला ते मोजायचेत.